गरम झाल्यावरच झटका देणारा गिअरबॉक्स

आमच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिक गाडीचे दुखणे असे होते की सकाळी ती निमूट चालायची, पण भर दुपारी नागपूरच्या व्हरायटी चौकाच्या गर्दीतून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना इंजिन क्षणभर मोकळेच पळायचे आणि मग झटका बसायचा. एका गॅरेजने लगेच ‘पूर्ण गिअरबॉक्सच बदला’ असा सल्ला दिला. क्लच प्लेटा जळल्या असत्या तर तेल काळे पडून त्याला करपट वास आला असता. तसे काहीच नसल्यामुळे ओळखीच्या मिस्त्रींना मी आधी व्हॉल्व्ह बॉडी उघडायला सांगितले.

व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे आत वेड्यावाकड्या नाल्या असलेला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा. तेलाचा दाब कोणत्या क्लचकडे केव्हा आणि किती जावा हे त्यातले व्हॉल्व्ह ठरवतात, आणि कॉम्प्युटरच्या हुकमानुसार त्यांना हलवण्याचे काम सोलेनॉइड, म्हणजे तारेच्या गुंडाळीचे छोटे विद्युतचुंबक, करतात. दाब राखणारा व्हॉल्व्ह सतत बारीक पुढेमागे होत असल्याने तो ज्या छिद्रात सरकतो ते हळूहळू झिजते. थंड तेल घट्ट असते, तोवर ही झीज लपून राहते. तेल तापून पातळ झाले की दाब त्याच फटीतून निसटतो. ही झीज धुण्याने भरून येत नाही, आणि ओव्हरहॉल म्हणून पुष्कळ ठिकाणी नुसती धुलाईच होते, म्हणून नेमके काय करणार ते आधीच विचारून घ्यावे.

मिस्त्रींनी पुठ्ठ्यावर व्हॉल्व्ह बॉडीची आकृती काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचला, कारण बोल्टांची लांबी सारखी नसते. मधला पत्रा उचलताच आतले छर्रे घरंगळू शकतात, म्हणून त्यांच्या जागांचे फोटो काढले. चिंधीला मात्र त्यांनी हात लावला नाही. एक सुटा धागासुद्धा व्हॉल्व्ह अडकवू शकतो. तेलात बुडवलेला चांगला व्हॉल्व्ह ठोकळा तिरपा करताच स्वतःच्या वजनाने सरकतो. आमचाही सरकला, पण त्या झिजलेल्या छिद्राला व्हॅक्यूम लावून पाहिल्यावर व्हॅक्यूम टिकेना, म्हणजे फटीतून गळती होती. रीमरने छिद्र मोठे करून त्यात जाडसर व्हॉल्व्ह बसवावा लागला.

नागपुरात खरी गोची होते ती आकड्यांची. सोलेनॉइडचा विद्युत रोध पुस्तकात सहसा २० अंश तापमानाचा दिलेला असतो. ४५ अंशांत तांब्याच्या तारेचा रोध जवळजवळ एक दशांशाने वाढतो, त्यामुळे हे गणित ध्यानात न घेणारा चांगला सोलेनॉइडही बाद ठरवील. तेलाच्या पातळीचेही तसेच आहे. डिपस्टिक नसलेल्या अनेक गिअरबॉक्समध्ये पातळी इंजिन चालू ठेवून, तेल साधारण ३५ ते ४५ अंशांवर असताना बूच काढून, जादा तेल सांडू देऊन पाहतात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या रणरणत्या नऊ दिवसांत, दुपारी उभी गाडीच तेवढी तापलेली असते; फुगलेले तेल जास्त सांडते आणि नंतर पातळी कमी भरते. म्हणून आम्ही हे काम पहाटे उरकले.

शेवटी स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरची जुनी शिकवण, म्हणजे झिजलेल्या व्हॉल्व्हशी जुळवून घेतलेल्या नोंदी, पुसली. नव्या दाबाशी जुळवून घेईपर्यंत गिअर थोडे अडखळत पडतात. तेवढ्यासाठी पुन्हा गिअरबॉक्सचा तेलाचा पॅन खोलण्याची घाई करू नये.