बाईंचा श्वास

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिही, असा निरोप आला आणि आधी आठवली ती संगीताच्या वर्गातली पेटी. पेटीमागे आमच्या गाण्याच्या बाई. मी दहावी 'ब', १९९४ची बॅच.

स्नेहसंमेलनाचा पडदा दरवर्षी नांदीने उघडायचा. त्या वर्षी 'शाकुंतल'ची नांदी होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली हे नाटक लिहिलं, बसवलं आणि सूत्रधार होऊन स्वतः गायलेही, हे बाईंनी ती शिकवतानाच सांगितलं होतं. बाईही काही कमी करत नव्हत्या. कोण कुठून येणार, कुठे उभं राहणार, हे खडूने आखायच्या. प्रयोगाला विंगेत पेटी घेऊन बसायच्या. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. खूण करायला हात मोकळा नसायचाच. मग त्या ऐकू येईल असा श्वास घ्यायच्या आणि आम्ही वीस जण एकदम सुरात यायचो. "माझ्याकडे बघू नका रे, श्वास ऐका," एवढंच सांगायच्या.

माझा आवाज तेव्हा फुटत होता. ऐन प्रयोगात वरच्या षड्जावर तो फाटला. बाईंनी पेटीमागून ती ओळ अशी उचलली, की पहिल्या रांगेतल्या आईलाही कळलं नाही.

नोकरीने मला स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला आणलं. इथले लोक यतेबॉरी म्हणतात. पोसायडनच्या पुतळ्याच्या चौकात १९३५ सालचं संगीतगृह आहे, आतून सगळं लाकडाचं. तिथे मी बार्बरा हॅनिगन यांना पहिल्यांदा पाहिलं. त्या मूळच्या कॅनडाच्या, ऑपेरा गाणाऱ्या; आवाज सोप्रानो, म्हणजे बायकांच्या आवाजांत सगळ्यांत चढा. चाळिशीला आल्यावर, २०११मध्ये, त्यांनी पॅरिसला पहिल्यांदा वाद्यवृंदाचं संचालन केलं. पुढे इथल्या ऑर्केस्ट्राच्या प्रमुख अतिथी संचालक झाल्या.

त्या काय करतात, हे आपल्या माणसांना सांगायला हवं. आपल्याकडे तबलजी गायकापासून हातभर अंतरावर असतो, नजरेने काम भागतं. ऑपेरात गायक रंगमंचावर, साठ-सत्तर वादक खाली खड्ड्यात आणि दोघांना बांधून ठेवणारा संचालक मध्ये. हॅनिगन यांनी तो मधला माणूसच काढून टाकला.

पुलांक या फ्रेंच संगीतकाराची 'ला व्वा युमेन' ही १९५९ची एकपात्री ऑपेरा आहे, चाळीसेक मिनिटांची. सोडून गेलेल्या प्रियकराशी एक बाई टेलिफोनवर बोलते आहे, बस्स. हॅनिगन ती गातात, त्याच वेळी ऑर्केस्ट्रा चालवतात, आणि बसवलीही त्यांनीच. तोंड वादकांकडे, पाठ प्रेक्षकांकडे; समोरचे कॅमेरे त्यांचा चेहरा मोठ्या पडद्यावर दाखवतात. व्हायोलिनवाल्यांना केलेली खूण हीच त्या फोनवरच्या बाईची घालमेल होते. हात कुठला संचालकाचा आणि कुठला त्या बाईचा, वेगळं काढताच येत नाही. इतकं धाडसी गाणं मी दुसरं पाहिलेलं नाही.

मी त्याचं चित्रण घरी बघत होतो. एका जागी त्या ओळ उचलण्याआधी श्वास घेतात आणि सगळा वाद्यवृंद त्या श्वासावर उठतो. मी ते तिथेच थांबवलं. बाईंना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि त्या रात्री मी पहिल्यांदा त्यांच्यासाठी रडलो.

आता मी इथल्या एका चर्चच्या गायकवृंदात गातो. फुटलेला आवाज खर्जात स्थिरावला. सगळे संचालकांच्या हाताकडे बघत असतात, मी श्वास ऐकतो.

शाळेला एक विनंती. संगीताच्या वर्गातली ती पेटी अजून असेल, तर ती दुरुस्त करून द्यायची माझी इच्छा आहे. भात्याला डावीकडे खाली एक चीर होती, हवा धरत नसे. म्हणूनच बाईंना हात कधी सोडता यायचा नाही.