वाघोलीच्या फ्लॅटचा तोटा कुठे गेला?

दादाने वाघोलीचा टू बीएचके ऑक्टोबर 2024 मध्ये विकला. जून 2014 मध्ये घेताना स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन धरून 50 लाख लागले होते. दलाली वजा जाता हातात आले 58 लाख. भेटेल तो म्हणतो, "चला, आठ लाख सुटले!" वहिनीला ते ऐकवत नाही.

घरातल्या सगळ्यांची रिटर्नं मीच भरते, त्यामुळे इंडेक्स टूपासून (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) दलालीच्या पावतीपर्यंतची अख्खी फाइल माझ्यापुढे होती. खरेदीच्या वर्षाचा महागाई निर्देशांक 240, विक्रीच्या वर्षाचा 363. म्हणजे तेव्हाचे 50 लाख विक्रीच्या वर्षीचे 75 लाख 62 हजार. घर साडेसतरा लाखांच्या वर तोट्यात गेलंय, आणि कर्जाचं व्याज यात धरलेलंच नाही.

23 जुलै 2024 च्या बजेटने इंडेक्सेशन, म्हणजे खरेदीची किंमत अशी महागाईने वाढवून धरण्याची सवलत, काढलं आणि विक्रीच्या नफ्यावरचा कर 20 वरून साडेबारा टक्क्यांवर आणला. ओरड झाल्यावर ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली: त्या तारखेआधी घेतलेलं घर असेल, तर दोन्ही पद्धतींनी कर काढा, कमी असेल तो भरा. दादाला नव्या पद्धतीने एक लाख आणि वर सेस (करावरचा उपकर). जुन्या पद्धतीने शून्य. कर वाचला, हे खरंच.

पण ही सवलत कराच्या रकमेपुरतीच. इंडेक्सेशनमधून दिसणारा तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत नाही. हाच फ्लॅट 22 जुलैपर्यंत विकला असता, तर तो तोटा आठ वर्षं हाताशी राहिला असता, दादाच्या म्युच्युअल फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा झाला असता. घर तेच, हप्ते तेच. तीन महिन्यांनी हक्क जातो, हे मला अन्यायाचं वाटतं. अनिवासी भारतीयांना तर दोन पद्धतींचा पर्यायही नाही. त्यांनी तो लाख भरायचाच.

ज्यांचं घर खरेदीपेक्षाही कमी रुपयांत गेलंय, त्यांनी मात्र गप्प बसू नका. घर दोन वर्षांहून जास्त ठेवलं असेल, तर तो तोटा दीर्घ मुदतीचा. पगारातून वजा होत नाही, दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातूनच होतो. रिटर्न मुदतीत भरा. उशीर झाला की तोटा पुढे नेता येत नाही. आणि रेडी रेकनरची, म्हणजे स्टॅम्प ड्युटीसाठी सरकारने ठरवलेली, किंमत आधी बघा. ती करारातल्या रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल, तर विक्रीची किंमत म्हणून तीच धरतात.