पॅलिओसीनला कोणी वाली नाही

डायनासोरवरची कुठलीही डॉक्युमेंटरी घ्या, शेवट ठरलेला. उल्का पडते, आग, अंधार, स्क्रीन काळी आणि पुढच्या सीनला थेट मॅमथ नाहीतर गुहेतला माणूस. अरे मधल्या साडेसहा कोटी वर्षांचं काय? त्यातली पहिली साधारण 1 कोटी वर्षं, 6 कोटी 60 लाख ते 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे पॅलिओसीन, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

"डायनासोर गेले आणि सस्तन प्राण्यांचं राज्य आलं" हे वाक्य तर डोक्यात जातं. राज्य कसलं, उल्केनंतर जे वाचले ते जेमतेम अर्ध्या किलोचे, उंदीर-घुशीच्या मापाचे जीव होते. पुढे काय झालं हे नीट कळलं ते अमेरिकेच्या कोलोरॅडोतल्या कॉरल ब्लफ्स या जागेमुळे. तिथे हाडं उघड्यावर दिसतच नाहीत, जीवाश्म शोधणारा शास्त्रज्ञ टायलर लायसन आणि त्याच्या टीमने तिथले ओबडधोबड गोटे फोडायला घेतले तर आत कवट्या, एकामागून एक, सस्तन प्राण्यांच्या, मगरींच्या, कासवंही निघाली. 2019 मध्ये पेपर आला, त्यात उल्केनंतरच्या पहिल्या 10 लाख वर्षांचा हिशोबच मांडलाय. आधी सगळीकडे नेचे, मग ताडासारखी झाडं. लाखभर वर्षांत प्राणी रॅकूनएवढे, 3 लाख वर्षांत वजन 25 किलोच्या आसपास आणि 7 लाख वर्षांनी थेट 50 किलोच्या घरात. आणि नेमक्या त्याच थरात शेंगा सापडल्यात! म्हणजे प्रोटीनवालं खाणं आलं आणि अंगं भरली असा अंदाज आहे, पुरावा एकाच भागातला असला तरी मला तो पटतो.

झाडांची गोष्ट तर अजून भारी आहे. कोलंबियातली जंगलं उल्केआधी विरळ होती, सूचिपर्णी झाडं बरीच, जमिनीवर ऊन यायचं. नंतर जे उगवलं ते फुलझाडांचं दाट, खाली अंधार असलेलं रेनफॉरेस्ट, आज ॲमेझॉनमध्ये बघतो तसं. पण झाडांच्या जातींची विविधता भरून यायला 60 लाख वर्षं गेली.

त्याच कोलंबियात सेरेहोन नावाची कोळशाची खाण आहे, तिथे टिटॅनोबोआ सापडला. सुमारे 13 मीटर लांब, टनापेक्षा जड साप, 2009 मध्ये जाहीर झाला. त्याचा मणका ॲनाकोंडाच्या मणक्याशेजारी ठेवलेला फोटो नक्की शोधा, ॲनाकोंडाचा मणका खेळण्यातला वाटतो. मगरी, कासवं, मासे, सगळंच अवाढव्य होतं तिथे, आणि तिकडे न्यूझीलंडच्या बाजूला पेंग्विनही सुरू झाले होते, बर्फाचा पत्ता नसताना! ध्रुवांवर तेव्हा मोठे बर्फाचे थर नव्हतेच आणि उत्तरेकडे पार आर्क्टिकपर्यंत जंगल.

पॅलिओसीनचा शेवट मात्र उल्केने नाही, कार्बनने झाला. हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन मिसळला, काही हजार वर्षांत पृथ्वी 5 ते 6 अंशांनी तापली, खोल समुद्रातले कित्येक सूक्ष्मजीव संपले. कार्बन आला कुठून यावर अजून वाद चालू आहेत, ज्वालामुखीवाल्यांचं पारडं सध्या जड दिसतं. त्यानंतर लगेच घोड्यांचे पूर्वज वगैरे दिसायला लागतात, पण ते झालं इओसीन, म्हणजे पुढचा कालखंड, आणि त्यावर लिहिणारे ढिगाने आहेत.