तीस जूनला न हलणारं मशीन

दुपारी साडेतीनच्या सुमारास डेटा सेंटरच्या फॅसिलिटीवाल्यांचा फोन आला. सर्व्हरच्या पहिल्या रांगेचे दोन्ही पीएसी, म्हणजे ती थंड ठेवणारे मोठे एसी, बंद, पॅनेलमध्ये पावसाचं पाणी गेलंय आणि तंत्रज्ञ ठाणे-बेलापूर रस्त्यावर अडकलाय. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा एरवी २२-२३ अंशांवर असते, ती २९ झाली होती. २७ पर्यंत ठीक, ३२ नंतर काळजी, आणि त्याहून वर गेलं की सर्व्हर आधी मंदावतात, मग स्वतःच मान टाकतात.

नवी मुंबईतला आमचा छोटा क्लाउड, म्हणजे ग्राहकांची आभासी मशीनं (व्हीएम), अपाची क्लाउडस्टॅक या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो, खाली लिनक्स आणि एका सर्व्हरवर अनेक व्हीएम चालवणारं केव्हीएम. व्यवस्थापनाने तो निवडला लायसन्सचा खर्च बघून. क्लस्टरचे होस्ट, म्हणजे व्हीएम ज्यांच्यावर चालतात ते सर्व्हर, आम्ही मुद्दाम दोन्ही रांगांत विभागून ठेवलेत, त्यामुळे उपाय उघड होता: पहिल्या रांगेतले होस्ट रिकामे करून बंद करायचे.

होस्ट मेंटेनन्स मोडला टाकला की क्लाउडस्टॅक त्याच्यावरच्या व्हीएम चालू अवस्थेतच दुसऱ्या होस्टवर पाठवतो. डिस्क शेअर्ड, म्हणजे सगळ्या होस्टना सामाईक, स्टोरेजवर असल्याने न्यायची असते ती फक्त मेमरी. व्हर्च्युअल राउटर, वेब सर्व्हर, कुणाचं टॅली, सगळं बिनबोभाट गेलं. याचं श्रेय आमच्या सीनियरांच्या हट्टाला. दुसऱ्या रांगेतले सर्व्हर जुने आहेत, म्हणून प्रत्येक व्हीएमला प्रोसेसर इंटेलचा जुना हॅसवेलच दिसला पाहिजे, असं त्यांनी होस्टवरच्या क्लाउडस्टॅक एजंटच्या सेटिंगमध्ये घालून ठेवलंय. नवे प्रोसेसर विकत घेऊन ग्राहकाला २०१३ सालचा का दाखवायचा, म्हणून आम्ही कुरकुरायचो. पण नव्या प्रोसेसरच्या जादा सोयी व्हीएमला एकदा दिसल्या असत्या, तर जुन्या होस्टने तिला दारातूनच परत पाठवलं असतं. त्या दुपारी कुणी कुरकुरलं नाही.

उरलं एकच मशीन. एका पतसंस्थेचा डेटाबेस, ६४ जीबी मेमरी. पडद्यावर नुसतं ‘मायग्रेटिंग’. हवा ३१ अंश.

नवीन लागलेल्या पोराने विचारलं, “ताई, सपोर्टला कुणाला फोन करायचा?” कुणालाच नाही. पण हे सगळं उघडं आहे, एकेक थर खाली उतरून बघता येतं, आणि मला हे सॉफ्टवेअर आवडतं ते यासाठी. क्लाउडस्टॅक काम सांगतो लिबव्हर्टला, लिबव्हर्ट सांगतो क्यूएमूला, आणि मेमरी प्रत्यक्ष उचलतो तो क्यूएमू. म्हणून थेट होस्टवर जाऊन लिबव्हर्टच्या व्हर्श या कमांडला ‘डॉमजॉबइन्फो’ विचारलं. उरलेल्या मेमरीचा आकडा शून्याजवळ यायचा आणि पुढच्या फेरीला पुन्हा १५ जीबी.

कारण सरळ आहे. मेमरी नेत असताना व्हीएम चालूच असते, त्यामुळे नेलेली पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, मागे पुन्हा बदलतात आणि ती पुढच्या फेरीत परत न्यावी लागतात. आपण खोली पुसत पुढे जावं आणि मागून पोरांनी चिखलाच्या पायांनी यावं, तसं. उरलेली मेमरी ३०० मिलिसेकंदांत जाईल एवढी कमी झाली, तरच क्यूएमू मशीन क्षणभर थांबवून शेवटची उडी मारतो. आमची व्हीएम न्यायची वाट मॅनेजमेंट नेटवर्कवरून, एक गिगाबिटची. तिथून सेकंदाला जेमतेम ११० एमबी जातात, म्हणजे उरायला हवी होती साधारण ३३ एमबी.

मशीन हाताने थांबवता आलं असतं. पण १५ जीबी जायला सव्वादोन मिनिटं लागली असती, आणि तेवढ्यात काउंटरवरचे सगळे सेशन तुटले असते. होस्ट उष्णतेने पडला असता, तर क्लाउडस्टॅकने व्हीएम दुसरीकडे उठवली असती, पण ती वीज गेल्यासारखी, अर्धवट कामासकट. मुळात मेमरीत एवढं लिहितंय कोण, हा प्रश्न होता. मग तारीख आठवली. तीस जून, तिमाहीअखेर, म्हणजे खात्यांवर व्याज टाकायचा दिवस.

पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना फोन लावला. “साहेब, व्याज पोस्टिंग चाललंय का?”

“चाललंय ना मॅडम. अकरा शाखा झाल्या, बारावी चालू आहे.”

शाखावार! ‘बॅच’ म्हटलं की अखंड काहीतरी डोळ्यांसमोर येतं, पण इथे दर शाखेनंतर कुणीतरी माणूस पुढचं बटण दाबत होता. बारावी संपली की तेरावी लगेच लावू नका, पाच मिनिटं थांबा, एवढंच मागितलं. ते थोडे कुरबुरले. काउंटर बंद ठेवायचे का, विचारलं. नाही म्हटलं.

हवा ३३ वर गेली होती. बारावी शाखा संपली. एक फेरी १५ जीबीची, पुढची काहीशे एमबीची, तिच्यापुढची एवढीशी, आणि पडद्यावर व्हीएम दुसऱ्या रांगेतल्या होस्टवर ‘रनिंग’. फोन चालूच होता, पलीकडे पैसे मोजायच्या मशीनची फडफड ऐकू येत होती. आम्ही होस्ट बंद केला. व्हीएम न्यायच्या वाटेला दहा गिगाबिटचं नेटवर्क द्यायची मागणी मी त्याच संध्याकाळी लिहिली. मंजुरी मिळाली, खळखळ करत.

व्यवस्थापकांना सांगितलं, “झालं साहेब, लावा तेरावी.”

“काय झालं नेमकं?”

“तुमचं मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेलं. चालू असतानाच.”

“आम्हाला तर काहीच कळलं नाही,” ते म्हणाले. “मग न्यायचं ना गुपचूप, घाबरवलंत कशाला?”