डिस्क घ्यायची तर काळोख बघून: फिल्म नॉयर जमवणाऱ्यांसाठी

'डिटूर' या एकाच सिनेमाच्या ढीगभर डीव्हीडी निघाल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक पैसे देऊन घेण्याच्या लायकीच्या नाहीत. दिग्दर्शक एडगर उल्मरचा हा १९४५ चा फिल्म नॉयर, म्हणजे सावल्यांनी भरलेला गुन्हेपट, जेमतेम ६८ मिनिटांचा, पीआरसी नावाच्या हॉलिवुडच्या गरीब कंपनीनं काढलेला. अमेरिकेच्या जुन्या कायद्यात कॉपीराइट पहिली २८ वर्षं चाले, पुढे तो अर्ज करून वाढवून घ्यावा लागे. याचा कुणी वाढवलाच नाही. मग ज्याच्या हाती जी प्रिंट लागली, टीव्हीसाठी काढलेली सोळा एमएमची, मधले शॉट तुटलेली, आवाज खरखरणारी, त्यानं ती छापली आणि वर झकास कव्हर लावलं. 'स्कार्लेट स्ट्रीट', 'द स्ट्रेंजर', 'डी.ओ.ए.', 'द हिच-हायकर', 'टू लेट फॉर टीअर्स' हे सगळे याच वाटेनं गेले.

म्हणून पहिली सवय लावून घ्यायची ती ही, की सिनेमाचं नाव वाचून डिस्क घ्यायची नाही. ती कशावरून काढली आहे ते वाचून घ्यायची.

कॅमेऱ्यातून निघते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून फाइन-ग्रेन पॉझिटिव्ह, त्यावरून ड्यूप निगेटिव्ह, आणि तिच्यावरून थिएटरात जाणाऱ्या प्रिंटा. प्रत्येक उतरणीला कॉन्ट्रास्ट वाढत जातो आणि सावलीतले तपशील बुजत जातात. एखाद्या चकचकीत संगीतिकेत हे फारसं जाणवत नाही. नॉयरमध्ये मात्र निम्मी चौकटच काळी असते. छायालेखक जॉन ऑल्टननं दिग्दर्शक अँथनी मानच्या 'टी-मेन'मध्ये (१९४७) एकेका दिव्यावर खोल्या उजळल्या आहेत. तिथल्या काळ्यात टोपीची कड, भिंतीचा कोपरा, कोटाची घडी असं सगळं असतं. चौथ्या पिढीच्या प्रिंटवरून केलेल्या डिस्कवर तिथे नुसतं डांबर उरतं. ऑल्टनची खरी करामत पाहायची तर क्लासिकफ्लिक्सनं २०१७-१८ मध्ये काढलेल्या 'टी-मेन', 'रॉ डील' आणि 'ही वॉक्ड बाय नाइट'च्या ब्लू-रे घ्याव्यात. यातल्या शेवटच्या सिनेमातला गटारांमधला पाठलाग सुट्या, स्वस्त डीव्हीडीवर पाहणं म्हणजे रेडिओवर सर्कस ऐकणं.

कव्हरच्या मागच्या मजकुराचीही एक भाषा असते. 'मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून नवं फोर-के रिस्टोरेशन' लिहिलं असेल तर निर्धास्त घ्या. 'फाइन-ग्रेनवरून' असेल तरी उत्तम, कारण बऱ्याच सिनेमांची निगेटिव्ह शिल्लकच नाही. 'नवा एचडी मास्टर' यातून साधन काय ते कळत नाही, आणि 'डिजिटली रीमास्टर्ड' यातून काहीच कळत नाही. मात्र निगेटिव्ह नाही म्हणून नाक मुरडू नये. 'डिटूर'ची क्रायटेरियन या अमेरिकी लेबलनं (डिस्क काढणाऱ्या कंपनीनं) २०१९ मध्ये काढलेली आवृत्ती अकॅडमी फिल्म आर्काइव्ह आणि फिल्म फाउंडेशनच्या रिस्टोरेशनवरून आहे. त्यांच्या हाती आलेल्या बेल्जियममधल्या प्रिंटवर फ्रेंच आणि फ्लेमिश सबटायटल्स छापलेली होती, ती डिजिटल पद्धतीनं काढावी लागली. 'वुमन ऑन द रन'ची (१९५०) अमेरिकेतली प्रिंट २००८ मध्ये युनिव्हर्सलच्या आगीत गेली. पुढे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडच्या साहित्यावरून, एडी मलरच्या फिल्म नॉयर फाउंडेशनच्या खटपटीनं तो पुन्हा उभा राहिला. फ्लिकर अ‍ॅलीनं तो आणि 'टू लेट फॉर टीअर्स' हे दोन्ही २०१६ मध्ये काढले. अशा डिस्कवर एखाद्या रिळात रेषा दिसल्या किंवा प्रकाश थरथरला तर तो लेबलचा आळस समजू नये.

(आपल्याकडच्या १९५० च्या दशकातल्या हिंदी गुन्हेपटांची गत वेगळीच. बऱ्याच डीव्हीडींवर कोपऱ्यात कंपनीचा लोगो पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत ठाण मांडून बसलेला असतो. 'सी.आय.डी.' २०२३ मध्ये देव आनंदच्या जन्मशताब्दीला नव्या रूपात थिएटरात दिसला, तेव्हा कुठे लोकांना त्याच्या सावल्या कळल्या.)

खरेदीआधी डीव्हीडी बीव्हरसारख्या संकेतस्थळावर वेगवेगळ्या आवृत्त्यांचे स्क्रीनशॉट शेजारीशेजारी पाहायला मिळतात. तिथे चेहऱ्याकडे आणि काळ्या कोटाकडे बघायचं. चेहरा मेणाचा दिसत असेल तर ग्रेन (फिल्मवरचे बारीक कण) पुसलेली आहे आणि ती परत येत नाही. कोटाला घडी दिसत नसेल तर मास्टर गडद आहे. आणि बाजूच्या कडा मोजायच्या, कारण १९५३ च्या आधीचे सिनेमे १.३७ च्या (उंचीच्या १.३७ पट रुंद) चौकटीतले. टीव्हीची रुंदी भरून दिसत असतील तर डोकी आणि पाय कापलेले आहेत.

साधनानंतर दुसरा प्रश्न, कोणता कट, म्हणजे संकलनाची कोणती आवृत्ती? नॉयरमध्ये हा प्रश्न वारंवार येतो, कारण हे सिनेमे स्टुडिओंनी निर्धास्तपणे कापले. 'टच ऑफ ईव्हिल'चे (१९५८) तीन कट आहेत. एक थिएटरात लागलेला, सुमारे ९५ मिनिटांचा. एक प्रीव्ह्यूचा, १०८ च्या आसपास. आणि दिग्दर्शक ऑर्सन वेल्सनं स्टुडिओला लिहिलेल्या ५८ पानी टिपणावरून संकलक वॉल्टर मर्चनं १९९८ मध्ये जुळवलेला, १११ मिनिटांचा. सुरुवातीचा तो प्रसिद्ध लांबलचक शॉट आधीच्या कटांत श्रेयनामावली आणि संगीताखाली दबलेला आहे, १९९८ च्या कटात तो मोकळा आहे. त्यावर आणखी वाद चौकटीचा, १.३७ की १.८५. युरेकाच्या मास्टर्स ऑफ सिनेमा मालिकेनं २०११ मध्ये दोन्ही चौकटी देऊन वाद ग्राहकाच्या पदरात टाकला. किनो लॉर्बरच्या २०२२ च्या फोर-के संचात तिन्ही कट आहेत. एकच घ्यायचा तर तो.

'द थर्ड मॅन' ब्रिटिश कटमध्ये १०४ मिनिटांचा, निवेदन स्वतः दिग्दर्शक कॅरल रीडचं. निर्माता सेल्झनिकनं अमेरिकेसाठी अकरा मिनिटं कापली आणि निवेदन नायक जोसेफ कॉटनच्या तोंडी घातलं. डिस्कवर ९३ मिनिटं लिहिलेली दिसली तर ठेवून द्या. 'द बिग स्लीप'चा १९४५ चा कट परदेशातल्या अमेरिकन सैनिकांना दाखवला होता. १९४६ च्या कटात नायिका लॉरेन बकॉलचे प्रसंग वाढले आणि गुन्ह्याचा उलगडा करणारं एक दृश्य गेलं. वॉर्नर आर्काइव्हच्या २०१५ च्या ब्लू-रेवर दोन्ही आहेत. 'नाइट अँड द सिटी'चेही ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन कट, दोन वेगळ्या संगीतांसह. 'किस मी डेडली'चा शेवट ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचं वाक्य सोडावं. कित्येक वर्षं फिरत असलेल्या प्रिंटांमध्ये नायक-नायिका जळत्या घरातून बाहेर पडतच नसत, १९९७ मध्ये मूळ शेवट परत जोडला गेला.

मिनिटं मोजताना एक खबरदारी. युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी पळतात, त्यामुळे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि सगळ्यांचे आवाज किंचित चढतात. तो कट नव्हे. ब्लू-रेवर सिनेमा सहसा २४ चौकटींनीच चालतो.

निओ-नॉयरमध्ये, म्हणजे नॉयरच्या धाटणीच्या पुढच्या काळातल्या सिनेमांत, दुखणं रंगांचं आहे. दिग्दर्शक नव्या मास्टरच्या वेळी हात फिरवतात आणि जुन्या प्रिंटचा तपकिरी सिनेमा हिरवट-निळा होऊन येतो. कट बदलण्याची हौसही असतेच. 'ब्लेड रनर'चे पाच कट एका संचात आले, तर 'ब्लड सिम्पल'चा दिग्दर्शकांचा कट मूळ सिनेमापेक्षा चक्क आखूड आहे. या गटात जुनी डिस्क विकून टाकण्याची घाई करू नये.

कृष्णधवल सिनेमाला फोर-के कशाला, असं विचारतात. पिक्सेलपेक्षा फायदा पायऱ्यांचा आहे. साध्या ब्लू-रेवर आठ बिट असतात, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २२० पायऱ्या. रंग नसल्यामुळे सगळा भार या पायऱ्यांवर येतो, आणि सिगारेटच्या धुरात किंवा धुक्यातल्या दिव्याभोवती वर्तुळं पडलेली दिसतात. फोर-के डिस्कवर दहा बिट, म्हणजे ८७७ पायऱ्या. 'डबल इन्डेम्निटी'च्या खोलीतल्या पट्ट्यापट्ट्यांच्या उजेडात धूळ तरंगते ना, त्यासाठी पैसे मोजावेत. उलट ७० मिनिटांच्या, कमी खर्चातल्या बी-नॉयरला पन्नास जीबीची डिस्क नाही म्हणून रडण्यात अर्थ नाही. सेकंदाला ३० मेगाबिट धरले तरी ७५ मिनिटांना १७ जीबी पुरतात, पंचवीसची डिस्क भरपूर झाली. दोन सिनेमे एका पंचवीसच्या डिस्कवर कोंबले असतील तेव्हा मात्र सावध.

आता भारतात बसून जमवणाऱ्यांची खरी डोकेदुखी, रिजन, म्हणजे डिस्क कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचं बंधन. ब्लू-रेत अमेरिका ए, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी, भारत सी. डीव्हीडीत आपण ५, अमेरिका १, ब्रिटन २. क्रायटेरियनच्या अमेरिकी ब्लू-रे ए-लॉक (फक्त ए रिजनच्या प्लेअरवर चालणाऱ्या) असतात, किनोच्याही बहुतांश. अ‍ॅरोच्या ब्रिटिश डिस्का आणि इंडिकेटरचे सहा-सहा सिनेमांचे 'कोलंबिया नॉयर' संच घेताना बी-लॉक गृहीत धरा. वॉर्नर आर्काइव्ह आणि ऑस्ट्रेलियाची इम्प्रिंट ही बहुधा मोकळी. फोर-के डिस्कला रिजनच नाही, पण इथे एक फसगत आहे. क्रायटेरियनच्या फोर-के संचात मुलाखती, माहितीपट हे सगळं जोडीच्या ब्लू-रेवर असतं आणि ती ए-लॉकच असते. सिनेमा चालतो, बाकीचं चालत नाही.

त्यामुळे मल्टी-रिजन प्लेअर आधी, डिस्का नंतर. घेताना तीन गोष्टी विचारा. ब्लू-रेचा रिजन बदलतो की फक्त डीव्हीडीचा? पुष्कळ विक्रेते दुसऱ्यालाच 'रिजन-फ्री' म्हणतात. वीजपुरवठा ११० ते २४० व्होल्ट आहे का? नुसता ११० चा असेल तर आपल्या २३० वर क्षणात धूर. आणि बदल सॉफ्टवेअरनं केला असेल तर फर्मवेअर (प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर तो टिकतो का? टिकत नसेल तर प्लेअरला इंटरनेटच जोडू नका. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हवर रिजन पाच वेळाच बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा.

आयात करताना कर डिस्कच्या किमतीवर नव्हे, टपालखर्च धरून लागतो, म्हणून एकेक डिस्क मागवणं सगळ्यात महाग. अमेरिकेत बार्न्स अँड नोबलमध्ये जुलै आणि नोव्हेंबरच्या सुमारास क्रायटेरियन निम्म्या किमतीला मिळतात. परदेशातल्या नातेवाइकांना यादी त्याआधी पाठवावी, ते निघायच्या आदल्या रात्री नव्हे. दुर्मीळ म्हणून तिप्पट किंमत मागणाऱ्यांना मात्र भीक घालू नका. क्रायटेरियनच्या 'द थर्ड मॅन'ची ब्लू-रे २०१० मध्ये परवाना संपल्यानं बंद झाली आणि तिचे भाव चढले. पण स्टुडिओकॅनालचं २०१५ चं फोर-के रिस्टोरेशन तिच्याहून सरस आहे.

डिस्क चांगली असूनही काळोख राखाडी दिसत असेल तर दोष बहुधा एचडीएमआयच्या रेंजचा, म्हणजे काळं-पांढरं कुठून कुठवर धरायचं या सेटिंगचा. प्लेअर लिमिटेड पाठवतो आणि टीव्ही फुल समजतो, तेव्हा काळं धुरकट होतं. उलट झालं तर सावल्या गिळल्या जातात. दोन्हीकडे लिमिटेड ठेवा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, नॉइज रिडक्शन, मोशन स्मूदिंग बंद. रंगछटा 'वॉर्म', नाहीतर कृष्णधवल चित्र निळं दिसतं. १.३७ चा सिनेमा पडद्याच्या ७७ टक्के रुंदीत बसतो, उरलेल्या दोन पट्ट्या आयपीएस प्रकारच्या टीव्ही-पॅनेलवर करड्या चमकतात. व्हीए पॅनेल बरं, ओलेड सर्वांत चांगलं. खोलीत मिट्ट अंधार करण्यापेक्षा टीव्हीच्या मागे मंद दिवा ठेवला तर काळं जास्त काळं भासतं.

जुन्या डीव्हीडी मात्र आजच तपासायला घ्या. २००६ ते २००८ दरम्यान बनलेल्या आपल्या काही डीव्हीडी सडत असल्याचं वॉर्नरनं २०२५ मध्ये मान्य केलं. त्यांच्या 'फिल्म नॉयर क्लासिक कलेक्शन'चा तिसरा (२००६) आणि चौथा (२००७) संच नेमके त्याच काळातले आहेत. वरून डिस्क स्वच्छ दिसते. दुसरा थर सुरू होतो तिथे, साधारण सिनेमाच्या मध्यावर, चित्र अडकतं. त्यामुळे पहिली दहा मिनिटं पाहून निर्वाळा देऊ नका, संगणकावर अख्खी डिस्क वाचून बघा. वॉर्नर आर्काइव्हच्या २००९ पासूनच्या मागणीनुसार बनवलेल्या डीव्हीडी या मुळात छापलेल्या नसून रेकॉर्ड केलेल्या असतात. खालची बाजू जांभळट दिसते ती याचमुळे. त्यांचा रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णता सोसत नाही, खिडकीसमोरच्या शेल्फात त्या ठेवू नयेत.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात डिस्कपेक्षा आधी पुस्तिका आणि पुठ्ठ्याची खोकी बुरसतात. शेल्फ बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. डिस्का उभ्या ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या बंद डब्यातच उपयोगी, उघड्या शेल्फावर त्या दोन दिवसांत भरून जातात. डाग पुसायचा तो मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत, मऊ मायक्रोफायबरनं. गोल गोल पुसलं तर पडणारा ओरखडा माहितीच्या रेषेलगत धावतो आणि तो वाचताना प्लेअरची चूक-दुरुस्ती कमी पडते.