तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी आधीच का नाही सोडत?

धरणावर नोकरीला आहे म्हटलं की लोक हमखास विचारतात, एवढा पाऊस येणार हे माहीत होतं ना, मग आधीच थोडं थोडं पाणी का नाही सोडलं? आणि टंचाईत बरोब्बर उलटं, एवढं पाणी सोडलंत कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि उत्तर एकच आहे, आम्हाला पाणी जपावं लागतं तशी येणारा पूर मावायला धरणातली रिकामी जागा पण जपावी लागते.

कुठल्या तारखेला पातळी किती ठेवायची याचा रूल कर्व्ह असतो, जुन्या नोंदींवरून काढलेला. पण यंदाचा पाऊस काय त्या नोंदी वाचून येत नाही. कॅलिफोर्नियातला लेक मेंडोसिनो हा धरणाचा तलाव बघा, डिसेंबर 2012 च्या वादळात त्यात भरपूर पाणी आलं, पुरासाठी जागा हवी म्हणून नियमाप्रमाणे सोडून दिलं आणि मग पाऊसच नाही, पुढचं वर्ष संपेपर्यंत तलाव पार आटला. नियम तर पाळला होता! त्यानंतर तिथे हवामानाचा अंदाज बघून पाणी धरायचं की सोडायचं ठरवायची पद्धत आणली. याच्या उलट ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनचं वायव्हेनहो धरण, पिण्याचं पाणी आणि पुरासाठीची जागा एकाच धरणात. जानेवारी 2011 मध्ये शहरात पूर आला आणि पाणी वेळेत सोडलं होतं का यावर कोर्टात कित्येक वर्षं गेली.

आता ते 'थोडं थोडं'. एक टीएमसी (म्हणजे शंभर कोटी घनफूट) पाणी काढायचं तर साधारण साडेअकरा हजार क्युसेकने (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) अख्खे 24 तास सोडावं लागतं, आणि वरून आवक चालू असेल तर तेवढं सोडूनही पातळी हलत नाही. त्यात खालचं पात्र किती पाणी घेईल, खालच्या उपनद्या आधीच भरून वाहतायत का हे पण बघायचं, नाहीतर पूर टाळायला सोडलेल्या पाण्यानेच पूर यायचा. अंदाजात जोरदार पाऊस असतो पण तो आपल्याच पाणलोटात पडेल की डोंगरापलीकडे, हे आदल्या दिवशी पण छातीठोक सांगता येत नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त धास्ती रात्रीच्या विसर्गाची वाटते. भोंगा वाजवतो, खालच्या गावांना फोन जातात, मग गेट थोडंसंच उचलून थांबतो आणि टप्प्याटप्प्याने वाढवतो, कारण त्या वेळी कोणीतरी काठावरची पाणी उपसायची मोटार काढायला नदीत उतरलेलं असतं आणि त्याला वर यायला वेळ मिळाला पाहिजे.