हँग होणारा लॅपटॉप: संशय आता रॅमच्या दुसऱ्या स्लॉटवर

आधीची हकिगत ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, चार-चार जीबीच्या दोन डीडीआर-३ रॅम, साटा एसएसडी, त्यावर लिनक्स मिंट. सेकंडहँड घेतलेला. लहर लागली की हँग होतो. कधी दिवसभर निमूट चालतो, तर कधी व्हिडिओ लावताच चित्र थिजतं आणि स्पीकरमधून आवाजाचा शेवटचा तुकडा घरघरत राहतो. दुसऱ्या एसएसडीवर विंडोज टाकून पाहिलं, तिथेही तेच. म्हणजे दुखणं हार्डवेअरचंच.

यावेळी नियम केला: हँग झाला की लगेच पॉवर बटण दाबायचं नाही, आधी नाडी बघायची. कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो का? फोनवरून पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली, तर उत्तर येतं का? माउस हलतोय पण काहीच उघडत नाही, असं असेल तर डिस्ककडे बघावं. पडदा थिजलाय पण एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून, नेटवर्कमधून) आत शिरता येतंय, तर ग्राफिक्सकडे. इथे दिवा नाही, पिंग नाही, सिस-रिक्वेस्टच्या कळांनाही (त्या थेट कर्नलला, लिनक्सच्या गाभ्याला, हुकूम देतात) दाद नाही. (मिंट-उबुंटूवर या कळांची मुभा मुळातच अर्धी असते, पण रीबूटची कळ चालायला हवी. चांगल्या अवस्थेत ती चालते हे आधी तपासून घेतलं होतं.) मागच्या बूटचा जर्नल (सिस्टिमची नोंदवही) उघडला तर तो वाक्य अर्धवट सोडल्यासारखा तुटलेला, एररची एक ओळ नाही.

डिस्क लवकर सुटली. डिस्क अडली की कर्नल जिवंत असतो आणि साटा लिंक (डिस्कची जोडणी) रीसेट झाल्याची तक्रार नोंदवतो. निदान पडद्यावर तरी दिसते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या स्मार्टमध्ये १९७ आणि १९९ हे दोन्ही आकडे शून्य, म्हणजे वाचता न येणारे सेक्टर नाहीत आणि कनेक्टरही ठीक.

उष्णतेबद्दल एक समज खोडायचाय. प्रोसेसर तापला की आधी वेग उतरवतो, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन धाडकन बंद होतं. गोठून बसणं हे त्याचं नेहमीचं लक्षण नाही. तरी पंखा साफ करून पेस्ट बदलली. मशीनला मुद्दाम ताण देणाऱ्या स्ट्रेस-एनजी प्रोग्रामने प्रोसेसरचे चारही थ्रेड दामटले, तापमान मर्यादेच्या बरंच खाली राहिलं. हँग मात्र तसाच. नुसत्या चार्जरवर, नुसत्या बॅटरीवर, दोन्हीकडे तोच प्रकार. इंटेलच्या बे ट्रेल चिपवर गाजलेला सी-स्टेटचा (प्रोसेसरच्या झोपेच्या पातळ्यांचा) उपाय, म्हणजे बूट करताना मॅक्स सी-स्टेट १ वर बांधणं, तोही केला. फरक शून्य. अपेक्षाही नव्हती, कारण तो आजार बे ट्रेलचा आणि आमच्या पात्राची चिप वेगळी.

मग रॅम. लॅपटॉपच्या या रॅमला ईसीसी (चूक ओळखून सुधारण्याची सोय) नसतं. एखादा बिट उलटला तर कोणाला कळतच नाही, त्यामुळे लॉग कोरा राहणं इथे जुळतं. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ लावलं (२०२२ मधल्या ६.०० पासून ते यूईएफआय या नव्या बूट पद्धतीवरही चालतं, जुन्या बायोस मोडची कटकट गेली). थंड मशीनवर पहिला पास (फेरी) स्वच्छ. बरेच जण इथेच रॅमला क्लीन चिट देऊन मोकळे होतात. पण या रॅमच्या सेलमधला, म्हणजे बिट साठवणाऱ्या कप्प्यातला, चार्ज गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी तो रिफ्रेश करावा लागतो. रॅम तापली की गळती वाढते. शिवाय उष्णतेने धातू-प्लास्टिक फुगतं आणि कच्चा संपर्क सुटतो. म्हणून आधी स्ट्रेस-एनजी लावून मशीन चांगलं तापवलं आणि तसंच रीबूट करून टेस्ट लावली. लाल ओळी धडाधड आल्या.

खरी गंमत त्या ओळींत होती. पत्ते सगळीकडे विखुरलेले, पण अपेक्षित आणि मिळालेली किंमत यांतला फरक दरवेळी हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) ४००, म्हणजे शून्यापासून मोजला तर दहावा बिट. सेल खराब असती तर तोच-तोच पत्ता आला असता. पत्ता कुठलाही आणि बिट मात्र एकच, म्हणजे डेटाची एक लाइनच डळमळतेय. ती रॅमवरच्या चिपची असेल किंवा स्लॉटच्या पिनची. याचा निकाल अदलाबदलीने लागतो. पहिल्या स्लॉटमध्ये एकटी ‘अ’ पास, एकटी ‘ब’ही पास. दुसऱ्या स्लॉटमध्ये जी घालाल ती नापास, बिट तोच. रॅम दोन्ही निर्दोष.

सोनेरी पट्ट्यांवर पांढरं खोडरबर फिरवलं. स्लॉट पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मऊ ब्रशने धुतला. थोडा वेळ बरं वाटलं, मग मशीन तापल्यावर पुन्हा ४००. भिंगातून २०४ पिनांपैकी एकही वाकलेली दिसत नाही. टेस्ट चालू असताना स्लॉटच्या कडेला लाकडी काडीने हलकं दाबलं की एरर थांबतात, सोडलं की सुरू. सोल्डरचा सांधा तडकलाय असा माझा कयास. हॉट एअर (सोल्डर वितळवणारं गरम हवेचं यंत्र) घेऊन तिथे जायची माझी तयारी नाही. दोन रॅमच्या मधोमध बोर्ड जाळण्यापेक्षा एक स्लॉट सोडून दिलेला परवडला.

सध्या पहिल्या स्लॉटमध्ये चार जीबी आणि दुसरा रिकामा. तेव्हापासून एकदाही हँग नाही, व्हिडिओ आणि कंपाइल एकत्र चालवूनही. किंमत मोजावी लागते ती बँडविड्थमध्ये, म्हणजे डेटा वाहण्याच्या वेगात: डीडीआर-३ १६०० ला दोन चॅनेलवर (दोन्ही स्लॉट भरलेले असताना) सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी मिळत होती, आता १२.८. ऑनबोर्ड ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं, त्यामुळे गेम खेळताना जाणवतं, टायपिंगला नाही.

आता आठ जीबीची एकच रॅम शोधतोय. जुन्या मशीनवाल्यांनो, घेताना चिपा मोजा. या पिढीच्या इंटेल कंट्रोलरला ८ गिगाबिटच्या चिपा ओळखता येत नाहीत, म्हणून आठ जीबीच्या रॅमवर एकूण १६ चिपा हव्यात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. एकाच बाजूला आठ असलेली स्वस्तात मिळाली तरी बूटच होणार नाही. डीडीआर-३एल चालेल, ती १.५ व्होल्टही सोसते. कुणाकडे अशी १६ चिपांची पडून असेल तर कळवा, बदल्यात या दोन्ही चार जीबीच्या देतो.